कोड तिचा, खातं बाबांचं: सोळाव्या वर्षी ॲप प्रसिद्ध करताना

गाडी कराडहून किती वाजता सुटते ते स्टँडवरच्या फलकावर असतं. मल्हारपेठच्या पुढच्या एखाद्या फाट्यावर ती किती वाजता येते, हे तिथं रोज उभं राहणाऱ्यांनाच ठाऊक. अकरावी सायन्सच्या एका मुलीने ही दुसऱ्या प्रकारची माहिती गोळा केली आणि तिचं ॲप केलं. ती माझ्या मित्राची मुलगी. अल्पवयीन आहे, म्हणून नाव-गाव देत नाही. ॲप तयार झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ते प्ले स्टोअरवर जाईपर्यंत जे जे ठरवावं लागलं त्याचं हे टिपण आहे. कोडिंग त्यात फारसं येणार नाही, कारण अडचण कोडिंगची नव्हतीच.

तरी तिने काय केलं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप कशासाठी हे कळणार नाही. कराड-चिपळूण गाडी मल्हारपेठच्या माणसाला पाटणची गाडी म्हणूनही चालते. मुक्कामी गाडी रात्री गावात येते आणि सकाळी तिथूनच माघारी निघते. त्यामुळे कराडच्या फलकावर ती संध्याकाळची गाडी, पण सकाळच्या कॉलेजला निघालेल्या पोरांसाठी दिवसातली पहिली आणि सगळ्यांत मोलाची. काही फेऱ्या शाळेच्या दिवशीच, काही बाजाराच्या दिवशी जादा. तिने आधी हे सगळं वहीत, मग शीटमध्ये उतरवलं. ॲप उघडल्यावर 'कुठून कुठे' न विचारता 'तुम्ही कुठल्या फाट्यावर उभे आहात' एवढंच विचारायचं, ही कल्पनाही तिचीच. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या मला ती सुचली असती असं वाटत नाही. ॲप बनवायचं फ्लटर हे साधन यूट्यूबवरून शिकली, लॅपटॉप जुना घेतलेला, कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर.

इथपर्यंत तिला कुणी वय विचारलं नव्हतं. विचारलं असेल तर एकदाच, आणि त्याचं उत्तर सोपं होतं. गिटहबला किमान १३ वर्षं लागतात. आपल्याकडे स्वतःचं गूगल खातं चालवायलाही १३. हा तेराचा आकडा आपला नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा 'कोपा' कायदा केला, तो २००० मध्ये लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची पडताळलेली संमती घ्या, असं तो सांगतो. ती संमती मिळवणं कंपन्यांना किचकट आणि खर्चिक. म्हणून बहुतेकांनी सोपा मार्ग घेतला: तेराच्या आतल्यांना दारच बंद. मुलांना संरक्षण देणारा कायदा बघता बघता मुलांना बाहेर ठेवणारा नियम झाला, आणि मुलं जन्मसाल खोटं टाकायला शिकली. कराडच्या मुलीला तेरा वर्षांनंतर जे उघडलं ते वॉशिंग्टनमध्ये ठरलेलं होतं.

खरी भिंत अठराची. प्ले स्टोअरवर ॲप टाकायला डेव्हलपर खातं लागतं. ते उघडणारा १८ वर्षांचा हवा, एकदाच भरायची फी २५ डॉलर, आणि सरकारी ओळखपत्राने पडताळणी. ॲपलकडे तर वर्षाला ९९ डॉलर आणि तिथेही सज्ञान असण्याची अट. आयफोनचा विचार आम्ही तिथेच सोडला. फाट्यावर आयफोनवाले उभे नसतात.

मुलीचा पहिला प्रश्न साहजिक होता. "काका, मी ॲप लिहू शकते, मग टाकू का शकत नाही?"

याचं उत्तर कुठल्याही कंपनीच्या आडमुठेपणात नाही, ते कोलकात्यात आहे. १८९५ मध्ये धर्मोदास घोष नावाच्या अल्पवयीन मुलाने आपली घरं एका सावकाराकडे गहाण ठेवली. सावकाराच्या माणसाला त्याचं वय माहीत होतं. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०३ मध्ये 'मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष' या निकालात ठरलं की अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल. १८७२च्या करार कायद्याचं कलम ११ सांगतं की करार करायला सज्ञान असावं लागतं. सज्ञान म्हणजे १८, हे १८७५च्या कायद्याने ठरलं. तेव्हापासून आजतागायत तेच चालू आहे. मुलाने वय खोटं सांगून सही केली तरी तो करार त्याच्यावर बंधनकारक होत नाही.

निकाल मुलाच्या बाजूने होता, हे विसरू नये. सावकाराने पोराला नागवू नये म्हणून कायद्याने त्याच्याभोवती कुंपण घातलं. पण ॲप स्टोअरच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ एवढाच की सोळा वर्षांच्या मुलीने लांबलचक अटींखाली 'मान्य आहे' दाबलं, तर ते त्यांच्या दृष्टीने दाबलेलंच नाही. उद्या ॲपमधून कुणाचं नुकसान झालं, तर जबाबदार कुणाला धरायचं? म्हणून ते तिला घेत नाहीत. तिच्या कुवतीशी या नियमाचा काही संबंध नाही, पण सोळाव्या वर्षी तो तसा वाटतो, आणि घरात दोन दिवस तोंड पाडून बसायला तेवढं पुरतं.

मग वाटा कुठल्या होत्या?

एक वाट सगळ्यांना माहीत असलेली: जन्मसाल बदलायचं. तिच्या वर्गातल्या एकाने ती लगेच सुचवलीही. पण डेव्हलपर खात्याला ओळखपत्र लागतं, तिथे ही थाप टिकत नाही. खातं बंद झालं तर ॲपही जातं, वापरणारेही जातात. ही वाट आम्ही पाच मिनिटांत सोडली.

दुसरी वाट स्टोअर टाळण्याची. इथं मी थोडा जास्त वेळ घालवला, कारण मला स्वतःला ती आवडते. एपीके, म्हणजे थेट फोनवर टाकता येणारी ॲपची फाइल, करून व्हॉट्सॲपवर पाठवली की झालं, असं दहा वर्षांपूर्वी म्हणता आलं असतं. आज नाही. 'आरटीओ चलन', 'लग्नाचं आमंत्रण' अशा नावांच्या एपीके पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांनी ती वाट नासवली आहे. अनोळखी एपीके उघडू नका, हे पोलीस सतत सांगतात आणि बरोबरच सांगतात. मुलीच्या आत्याने तिची फाइल न उघडता डिलीट केली, ते मी शहाणपणच समजतो. शिवाय गूगलने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनवर स्टोअरबाहेरचं ॲपही पडताळणी झालेल्या डेव्हलपरचंच चालावं, असं धोरण गूगलने २०२५ मध्ये जाहीर केलं. आधी निवडक देश, मग बाकीचं जग. म्हणजे ही वाटही पूर्वीसारखी मोकळी राहणार नाही. एफ-ड्रॉइड हे मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या ॲपचं भांडार चांगलं आहे, पण ज्यांच्यासाठी हे ॲप होतं त्यांच्यापैकी कुणी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

राहिलं वेब. गिटहबच्याच 'पेजेस' या मोफत सोयीवर तेच ॲप वेबसाइट म्हणून टाकता येतं, ऑफलाइनही चालवता येतं, पैसे लागत नाहीत आणि तेराच्या पुढे वयाची अट नाही. हे तिने केलं, स्वतःच्या खात्यावर, एका रविवारी. माझ्या मते प्रत्येक मुलाने आधी हेच करावं. पण लोकांनी लिंक उघडली, पाहिली आणि दुसऱ्या दिवशी विसरले. कोयनेच्या खोऱ्यात रेंज गेल्यावर ब्राउझर उघडून बघावं हे कुणाला सुचत नाही. मैत्रिणीचं म्हणणं तर सरळ होतं: "प्ले स्टोअरवर नाही म्हणजे अजून झालेलं नाही."

उरली तिसरी वाट: खातं बाबांच्या नावावर.

मित्राचं बाजारात स्पेअर पार्टचं दुकान आहे. बँकेच्या कर्जाला जामीन राहून एकदा पोळलेला माणूस, त्यामुळे सहीच्या बाबतीत सावध. त्याने मला विचारलं, "मी यात नक्की कशाला जबाबदार होतोय, ते आधी सांग. मला तर यातलं ओ की ठो कळत नाही."

माझ्या मते हाच या प्रकरणातला सगळ्यांत चांगला प्रश्न, आणि बहुतेक घरांत तो विचारलाच जात नाही. मुलगा म्हणतो ओटीपी सांगा, बाप सांगतो, विषय संपला. प्रत्यक्षात बाप इथे 'पालक' म्हणून सही करत नसतो. तो स्वतः डेव्हलपर होतो. ॲपच्या तपशिलात त्याचं कायदेशीर नाव दिसतं, तक्रार त्याच्याकडे येते, नियमभंग झाला तर खातं त्याचं बंद होतं. एकदा खातं बंद झालेल्या माणसाला नवं खातं उघडणंही सोपं नसतं. आईची काळजी वेगळी होती: "ओळखपत्र कुठं द्यायचं नाही म्हणतात ना, मग हे काय?" तिला पडताळणीचं पान दाखवलं, पत्ता कंपनीच्याच साइटचा आहे हे दाखवलं, आणि ते काम तिच्यासमोर बसून केलं. मुलीचं नाव जगाला दिसत नाही याचं मात्र तिला समाधान वाटलं, आणि ते काही चुकीचं नाही.

मी मित्राला एक कागद करायला लावला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात आणि ज्याने लिहिलं तो पहिला मालक. वयाची अट तिथे नाही. म्हणजे खातं बाबांचं असलं तरी कोड मुलीचाच. बाबा तो तिच्या वतीने प्रसिद्ध करत आहेत, आणि ती अठराची झाली की तो तिच्या खात्यावर जाईल, असं एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. घरातल्या घरात हा कागद कशाला, असं मित्र म्हणाला. वकील त्याचं वजन किती यावर वाद घालतील. पण उद्या कॉलेजच्या प्रवेशाला किंवा स्पर्धेला 'हे मी केलं' म्हणताना तिच्या हातात काहीतरी असावं, कारण स्टोअरवर तिचं नाव कुठेच नाही.

आता गंमत पुढेच आहे. ॲपमध्ये तिचं सर्वांत लाडकं बटण होतं 'गाडी आली'. मल्हारपेठला कुणी ते दाबलं की पुढच्या फाट्यावरच्यांना कळणार. वेळापत्रकापेक्षा हजार पटींनी उपयोगी. पण कुणी घरी बसून खोड्या काढू नये म्हणून लॉगिन हवं आणि दाबणारा खरंच फाट्यावर आहे का हे पाहायला लोकेशन हवं. दाबणारे कोण? तिचेच वर्गमित्र, आणि शाळेतली लहान पोरं.

इथे भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येतो. या कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल. कलम ९ प्रमाणे मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७च्या मेपर्यंत. तोवर ॲप चालू असणारच होतं.

थोडक्यात, जी स्वतः कायद्याने मूल आहे तिने शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आईची पडताळलेली संमती घ्यायची, आणि चुकलं तर स्पेअर पार्टवाल्या बाबांनी उत्तर द्यायचं. युरोपात हीच रेघ १६ला आहे आणि देशांना ती १३पर्यंत खाली आणायची मुभा आहे. आपल्याकडे सात वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच रकान्यात. हे मला पटत नाही. सतरा वर्षांची मुलगी एकटी पुण्याला जेईईच्या क्लासला राहते, तिथे तिच्यावर विश्वास चालतो.

मी बटण काढायचा सल्ला दिला. ती चिडली. तिचं म्हणणं होतं की लॉगिन नको, लोकेशन नको, नुसतं बटण ठेवू. ठेवता आलं असतं, पण दोन वात्रट मुलांनी आठवडाभरात त्याची विश्वासार्हता संपवली असती. शेवटी तिनेच ते काढलं. पहिल्या आवृत्तीत लॉगिन नाही, जाहिरात नाही, लोकेशन नाही, सगळी माहिती फोनमध्येच. माहिती गोळा केली नाही तरी स्टोअरला गोपनीयता धोरण द्यावंच लागतं. तिने ते मराठीत चार ओळींत लिहिलं. मी आजवर वाचलेल्या अशा धोरणांत मला शेवटपर्यंत वाचता आलेलं हे एकमेव.

बाकीचं काम कारकुनी होतं. बाबांच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या परिपत्रकानंतर नवी कार्डं तशीच येतात, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. मग परीक्षकांची, म्हणजे ॲप आधी वापरून पाहणाऱ्यांची अट. नव्या वैयक्तिक खात्यांना ॲप खुलं करण्याआधी मोजक्या लोकांपुरती बंद चाचणी घ्यावी लागते. २०२३च्या नोव्हेंबरपासून २० परीक्षक लागायचे, वर्षभरानंतर ते १२ झाले. ते सलग १४ दिवस चाचणीत टिकून राहायला हवेत. शहरातल्या ऑफिसात बारा माणसं चहाच्या टपरीवर मिळतात. अकरावीच्या मुलीला तेवढे जीमेल पत्ते जमवणं म्हणजे वर्गातल्या निम्म्या आयांना भेटणं, कारण फोन आयांचे. एका मावशींनी 'हे कशाला आलंय' म्हणून मधेच चाचणी सोडली. नशिबाने मुलीने आधीच चार जण जास्त घेऊन ठेवले होते. हे आयांना भेटणं पुढे कामाला आलं: ॲपमधल्या दोन फाट्यांची नावं चुकली होती ती त्यांनीच सांगितली.

ॲप स्टोअरवर लागल्यावर महिन्याभरात एका खासगी क्लासवाल्यांनी विचारलं, आमचं नाव ॲपमध्ये टाकाल का, पैसे देऊ. पैशाचा प्रश्न आला की वयाचे नियम अगदी उलटेसुलटे दिसू लागतात. गूगलची जाहिरात सेवा वापरायची तर तिथेही १८. पण रिझर्व्ह बँकेने २०२५च्या एप्रिलमध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बँका स्वतंत्रपणे बचत खातं चालवू देऊ शकतात. आयकराचं तर आणखी भारी. मुलाचं उत्पन्न साधारणपणे आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण १९६१च्या कायद्याच्या कलम ६४(१अ) मध्ये अपवाद होता: मुलाने स्वतःचं कौशल्य, प्रतिभा किंवा विशेष ज्ञान वापरून कमावलं असेल, तर ते त्याचंच. म्हणजे अल्पवयीन मुलीचं कौशल्य कर खात्याने कधीचंच मान्य केलेलं आहे. क्लासवाल्यांना आम्ही नाही म्हटलं, पण कारण वेगळं होतं. व्यवहार सुरू झाला की खातेदार म्हणून बाबांचा पूर्ण पत्ता स्टोअरवर दिसू शकतो, आणि तो आईला नको होता.

बँकेचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की तिथेही करार कायदा तोच आहे. बँकेने दार बंद केलं नाही, जोखीम बांधून घातली. मुलाच्या खात्यात शिल्लक उणे जाऊ द्यायची नाही, मर्यादा बँकेने ठरवायच्या, बाकी मुलाला वापरू द्यायचं. ॲप स्टोअरना हे अशक्य नाही: पालकाची सहसही, पैशाचा व्यवहार नाही, डाउनलोडवर मर्यादा, आणि डेव्हलपर म्हणून मुलाचं नाव, निदान टोपणनाव. पडताळणीच्या नव्या धोरणासोबत गूगलने विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी फीशिवायचं, मर्यादित उपकरणांपुरतं खातं देण्याचं जाहीर केलं आहे. दिशा बरी आहे. पण मोजक्या फोनांपुरतं खातं वर्गाला पुरेल, फाट्याला पुरणार नाही.

मुलांना मुद्दाम बोलावणारी दारंही असतात, पण ती टिकतीलच असं नाही. १३ ते १७ वयाच्या मुलांना खऱ्या मुक्त स्रोत प्रकल्पांत काम देणारी 'गूगल कोड-इन' ही स्पर्धा २०१० ते २०१९ चालली आणि बंद झाली. गूगलचाच मोठ्यांसाठीचा तसा कार्यक्रम 'समर ऑफ कोड' चालू आहे, पण तिथे १८. आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतल्या शालेय प्रयोगशाळा, २०१६ पासून हजारो शाळांत आल्या. त्यांत सेन्सर आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत. मुलांनी केलेलं ॲप शाळेच्या नावाने प्रसिद्ध करता येईल असं संस्थेचं डेव्हलपर खातं प्रत्येक लॅबकडे असतं, तर या मुलीच्या घरात कागद करायची वेळ आली नसती. संस्थेच्या खात्याला ती बारा परीक्षकांची अटही नाही.

सध्या ॲप बाबांच्या खात्यावर चालू आहे. अपलोड करायला दर वेळी दोघं एकत्र बसतात, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. ती अठराची झाली की स्वतःचं खातं उघडेल, पुन्हा २५ डॉलर भरेल आणि ॲप तिकडे हस्तांतरित करेल. वापरणारे, रेटिंग, अभिप्राय सगळं सोबत जातं, तशी सोय आहे. 'गाडी आली'चा कोड तिने पुसलेला नाही, गिटहबवर वेगळ्या शाखेत ठेवला आहे. तो वापरायचा की नाही हे तेव्हा खातेदार म्हणून तीच ठरवेल. तोवर तिचे वर्गमित्रही अठरा पार केलेले असतील. फाट्यावर सकाळच्या मुक्कामी गाडीची वाट बघणारी आठवी-नववीतली पोरं मात्र अठराची नसतील, आणि त्यांच्या आयांना गाठण्याचं काम तिच्यामागे असेलच.